सुधारक सभेने नेते घडविले त्याची हकिकत

ज्याने नुसते बोलोन सृष्टी उत्पन्न केली, समिती नेमोन केली नाही, त्या एका निराकार कर्त्यास वंदन करोन हकिकत लिहिली जाते ऐसी जे, शके १९४४ शुभकृत नाम संवत्सर, यहुद्यांचे सृष्टिसन ५७८२, चैत्र मासी, समुद्रकाठचे एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची परवानगी कार्यकारिणीने दिली नाही, यहुदी लोकांची एक सुधारक सभा नांदत होती. हे लोक पूर्वी कोकणात तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणोन शनवार तेली म्हणविले. पुढे शहरात आले, शिकले, कचेऱ्यांत चढले, आणि त्यांतील कित्येकांस वाटले की काळ हालला तसा धर्मही थोडा हालवावा. मग त्यांनी जुन्या मंदिरापासोन वेगळे होऊन आपली सभा स्थापिली, बायका-पुरुष एके रांगेत बैसविले, निम्मी प्रार्थना मराठीत आणिली आणि पेटी वाजविली. ही सुधारणा थोर जाहली. तिजला साठ वर्षे लोटली, आणि तेव्हापासोन त्या सुधारणेस धक्का लागो नये म्हणोन सभेने दुसरी सुधारणा होऊ दिली नाही. स्त्रियांस पुरुषांइतकाच अधिकार आहे, तेब्यावर म्हणजे मधले चौथऱ्यावर उभे राहोन प्रार्थना चालविण्याचाही आहे, ऐसा ठराव एकमताने जाहला होता. फक्त तो वापरण्याची वेळ आली नव्हती, आणि वेळ आली की नाही हे सांगण्याचा अधिकार सभेचे मुकादम हनोखजी झिराडकर यांजकडे होता, आणि त्यांजपाशी घड्याळ नव्हते.

त्या सभेत हदासाबाई अष्टमकर म्हणोन छत्तीस वर्षांची बाई होती, पेशा लोकांचे कान तपासण्याचा. बाजारपेठेत तिचा दवाखाना, त्यात बाहेरचा आवाज आत न येणारी काचेची खोली, तीत मनुष्य बैसवोन कानांवर यंत्र चढवी आणि बारीक मोठे स्वर ऐकवी, आणि कोणास काय ऐकू येते व कोण उगाच मान डोलवितो हे तिजला सहज कळे. सभेचे हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे, रहमीमजी वाकरूळकर, वय ब्याऐंशी, चाळीस वर्षे तेब्यावर उभे. पूर्वी त्यांचा आवाज ऐसा की रस्त्यावरचा फळवाला गिऱ्हाईक थांबवोन ऐकत असे, परंतु अलीकडे तो आवाज दाढीचे बाहेर येईना. ओठ हालत, हात हालत, आणि लोक अंदाजाने आमेन म्हणत. कोणी लवकर म्हणे, कोणी उशिरा, आणि सर्व मिळोन उत्तम चालले आहे ऐसे एकमेकांस सांगत. मग वल्हांडणाचे सणात हदासाबाईंनी मुकादमांस गाठले आणि म्हणाल्या, "हनोखकाका, रहमीमकाकांचा आवाज तिसऱ्या रांगेलासुद्धा पोचत नाही." मुकादम म्हणाले, "तुला पोचत नसेल. मला सगळं ऐकू येतं." बाई म्हणाल्या, "तुमचे कान मागच्याच महिन्यात मी तपासले. कान उत्तम आहेत, म्हणून तर विचारते. काय ऐकू येतं?" तेव्हा मुकादमांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "भाव." बाई म्हणाल्या, "काका, मला शिकायचंय. रहमीमकाकांना सांगा मला शिकवायला. निदान अधूनमधून मी उभी राहीन. आपला ठराव आहे." मुकादम बहुत प्रेमाने बोलिले, "ठराव आहेच ना, पोरी. आणि इतका चांगला ठराव आहे, की त्याला हात लावावा असं कुणालाच वाटत नाही."

ऐसे असता विलायतेतील सुधारक यहुद्यांचे महामंडळ, ज्यांचे काम जगभर विखुरलेल्या लहान सभांस आशा आणि टपाल धाडण्याचे, त्यांचा खलिता आला जे, आम्ही होतकरू लोकांस बोलावोन फेलोशिप देतो आणि तिजमधोन नेते घडवितो, तरी आपले राज्यातील चाळिशीच्या आतील एक मनुष्य पाठवावा. सभेस हा प्रकार नवा नव्हता. पूर्वीचे पाच सालांत पाच मनुष्ये ऐसीच जाऊन पाच नेते होऊन आली होती. त्यांत मुकादमांचा पुतण्या नतानेल, तो नेता होताच कॅनडास गेला आणि तेथोन फोनावरील ग्रुपवर सभेचे नेतृत्व करी, म्हणजे सकाळी सूर्योदयाचे चित्र धाडी. दुसऱ्याने सभेची नवी मुद्रा काढिली, तीत मेणबत्ती आहे की मासा यावर दोन साल वाद चालला. बाकीचे तिघे दूरदृष्टी समितीवर होते, आणि दूर पाहत असल्याकारणे शनिवारी जवळचे प्रार्थनेस दिसत नसत. मग कार्यकारिणी बैसली, आणि मुकादम म्हणाले, "हदासा नेतृत्व मागते आहे. तिला नेतृत्वालाच पाठवून देऊ." एकाने शंका काढिली, "पण परत आल्यावर मागितलं तर?" मुकादम म्हणाले, "परत आलेल्या कुणी आजवर मागितलंय?" ही मसलत सर्वांस पसंत पडली आणि चहा जाहला.

हदासाबाईंस वर्तमान कळले तेव्हा त्यांस खरेच हर्ष वाटला, कारण त्यांची समजूत ऐसी की प्रार्थना चालविण्यास शिकविणारी जागा जगात कोठे तरी असेल आणि ती बहुधा हीच असेल. घरी मातोश्री मिलकाबाई, त्या भाजी निवडीत बसल्या होत्या, त्यांनी पुसिले, "नेता होऊन काय करतात गं?" बाई म्हणाल्या, "तेच शिकवणार आहेत तिथं." मिलकाबाई म्हणाल्या, "आणि प्रार्थना?" बाई म्हणाल्या, "ती पण शिकवतील ना, आई. यहुद्यांचंच आहे सगळं." मिलकाबाईंनी मेथीची जुडी झटकली आणि म्हणाल्या, "बरं. लोकरीचं काहीतरी ने. थंडी असते म्हणतात."

मग ज्येष्ठ मासी हदासाबाईंची स्वारी विमानात बसोन विलायतेस गेली, आणि एका तळ्याचे काठी, ख्रिस्ती जोगिणींचा जुना मठ भाड्याने घेतला होता, तेथे मुक्काम पडला. बारा देशांचे बारा उमेदवार जमा जाहले. त्यांजवर मुख्य हॉवर्डसाहेब म्हणोन होते, मोठे गोड मनुष्य, पायांत मोजे नसत आणि वाक्यास शेवट नसे. त्यांनी सर्वांस खुर्च्या गोल मांडावयास सांगितल्या, आणि त्या गोलाचे मध्ये काहीच ठेविले नाही, आणि म्हणाले की ही मोकळी जागाच आपली शिक्षक आहे. मग बोलणाऱ्याचे हाती तळ्यातील एक गोटा द्यावा, आणि ज्याचे हाती गोटा त्याने आपले मनातील दुखरी जागा सांगावी, ऐसा नियम पडला. पहिले दिवशी सर्वांनी दुखऱ्या जागा सांगितल्या आणि रडले, आणि हॉवर्डसाहेब संतोष पावले. दुसरे दिवशी रंगीत चिकटचिठ्ठ्या आल्या, त्यांवर आपली मूल्ये लिहोन भिंतीस लाविली, आणि संध्याकाळी खिडकीतोन वारा आला व अवघी मूल्ये तळ्यात गेली. तिसरे दिवशी पुन्हा लिहिली. पुढे एकमेकांचे डोळ्यांस पट्टी बांधोन बागेत चालविणे जाहले, आणि अर्जेंटिनाचे उमेदवार गुलाबाचे वाफ्यात पडले, त्यासही नेतृत्वाचा अनुभव म्हणोन टाळ्या जाहल्या. हदासाबाई मन लावोन सर्व करीत. परंतु आठवडा उलटला आणि प्रार्थनेचे नाव कोणी काढीना, तेव्हा गोटा हाती आल्यावर त्यांनी पुसिले, "साहेब, प्रार्थना कधी शिकवणार? सणाची, शोकाची, लग्नाची. आमच्याकडे ती म्हणणारं माणूस थकलंय." हॉवर्डसाहेबांनी डोळे मिटोन घेतले, मग उघडोन म्हणाले, "हदासा, किती सुंदर प्रश्न आहे हा. पण प्रार्थना म्हणणं हे तंत्र झालं. तंत्र कुणीही शिकतं. आपण इथं दृष्टी घडवतोय. तू या प्रश्नासोबत थोडी बस." मग बाई प्रश्नासोबत बसल्या. प्रश्न उठोन गेला नाही.

त्या मठात जेवणानंतर भांडी घासण्याची पाळी असे, कारण सेवा हेही नेतृत्वाचे अंग आहे आणि भांडेवाली ठेवणे महामंडळास परवडत नव्हते. हदासाबाईंचे जोडीस युदित म्हणोन हंगेरी देशाची बाई आली, पन्नाशीची दिसे, परंतु अर्जात एकोणचाळीस लिहिले होते. ती आपले शहरी ट्रॅमगाडी हाकी. मोठे पातेले घासता घासता ती काही गुणगुणत होती, आणि हदासाबाईंचे कान पेशाने तयार, त्यांनी ओळखिले की ही उपवासाचे दिवशी सूर्य बुडताना म्हणावयाची समाप्तीची प्रार्थना, शब्द तेच, चाल मात्र कधी न ऐकिलेली. पुसिले, "तू हझान आहेस?" युदित म्हणाली, "आमच्यात हझान नाही. मी आहे." पुसिले, "किती माणसं आहात?" म्हणाली, "नऊ." आता सामुदायिक प्रार्थनेस दहा मनुष्ये लागतात हा यहुद्यांचा पुरातन नियम, सुधारकांनी त्यात स्त्रिया मोजल्या पण दहाचे नऊ केले नाहीत. तेव्हा बाईंनी पुसिले, "मग दहावं कोण?" युदित म्हणाली, "आमच्या ट्रॅमडेपोचा चौकीदार. तो यहुदी नाही. पण दारात खुर्ची टाकून बसतो. म्हणतो, मला मोजू नका, पण मी आहे." हे ऐकोन हदासाबाई हसल्या आणि मग हसू ओसरले. म्हणाल्या, "मला शिकवशील?" युदित म्हणाली, "पातेलं धर." त्या दिवसापासोन जोवर मुक्काम होता तोवर त्या दोघींनी इतरांच्याही पाळ्या मागोन घेतल्या, आणि अवघे उमेदवार म्हणो लागले की या दोघींस सेवेची दृष्टी फार. हंगेरीची बाई तिरप्या उच्चारांची, कोकणची बाई सपाट उच्चारांची, नळाचे पाणी वाहते आणि मधोन मधोन इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द, ऐसे करोन समाप्तीची प्रार्थना पुरी पाठ जाहली. महामंडळाचे कार्यक्रमपत्रिकेत त्या तासास भांडी ऐसे लिहिले होते.

श्रावण मासी स्वारी परत आली. सभेने सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, मुकादमांनी भाषण केले जे आमची कन्या आता केवळ आमची राहिली नाही, जगाची जाहली, आणि तिजला युवा समितीचे अध्यक्षपद देण्यात येत आहे. युवा समितीत युवा कोण ऐसे पुसता मुकादम म्हणाले की तेच शोधणे हे अध्यक्षांचे पहिले काम. मग बाई म्हणाल्या, "काका, माझं तेच म्हणणं आहे. मला तेब्यावर उभं राहायचंय." मुकादमांस वाईट वाटले. म्हणाले, "आता? आता तर तू नेता झालीस. एवढं शिकून आल्यावर शनिवारी सकाळी उभं राहून म्हणत बसणार? ते काम रहमीमचं." मग बाई रहमीमजींचे घरी गेल्या. म्हातारा खिडकीत बसोन पेपर वाचीत होता. बाई म्हणाल्या, "काका, मला तुमच्या चाली शिकवा. सणाच्या तरी." रहमीमजी म्हणाले, "मोठ्यानं बोल, पोटात काय बोलतेस?" बाई मोठ्याने बोलल्या. म्हातारा म्हणाला, "चाली मी वडिलांच्या मागं उभा राहून घेतल्या. वडील गेल्यावर म्हटल्या. शिकवायला लागलो म्हणजे लोक म्हणतील, रहमीम चालला. मी चाललेलो नाही." बाई म्हणाल्या, "तुम्ही चाललात असं कोण म्हणतंय?" म्हातारा म्हणाला, "तू. दारात उभी राहून." आणि पेपर वर धरिला. हदासाबाई जिना उतरल्या तेव्हा त्यांस राग आला, आणि रागाचे पाठोपाठ लाज आली, कारण म्हातारा बोलला त्यात खोटे काही नव्हते.

मग भाद्रपद सरला आणि आश्विन आला आणि दारफळणीचा सण आला. हा यहुद्यांचा मोठा उपवास. कोकणातील पूर्वज त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसोन दारे लावोन घरात बसत, म्हणोन हे नाव. संध्याकाळी स्वर्गाचीही दारे लागतात, आणि ती लागण्यापूर्वी शेवटली विनवणी करावयाची, तीच समाप्तीची प्रार्थना. त्या साली योग ऐसा की सण नेमका दसऱ्याचे दिवशी आला. बाहेर रिक्षांस झेंडूच्या माळा, ढोल, आपट्याची पाने, सोने घ्या सोन्यासारखे राहा, आणि आत पांढऱ्या वस्त्रांत तीनशे मनुष्ये उपाशी. कारण वर्षाचे बावन्न शनिवार जे येत नाहीत ते सर्व त्या दिवशी येतात, आणि दूरदृष्टी समितीही जवळ आली होती. रहमीमजी सकाळपासोन उभे. पाणीही वर्ज्य. दुपारी त्यांचा आवाज जेवढा होता तेवढाही गेला, ओठ मात्र थांबले नाहीत. सूर्य कलला, समाप्तीची प्रार्थना लागली, कपाट उघडले, तोरेच्या म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या दिसल्या, अवघे लोक उठोन उभे राहिले, आणि काहीच ऐकू येईना. ढोल तेवढा ऐकू येई. कोणी एका जागी आमेन म्हटले, कोणी दुसऱ्या जागी म्हटले, मग कोणीच म्हणेना. मागले रांगेतील एक म्हातारी, तिचा नवरा त्याच साली वारला होता, ती पुस्तक हाती धरोन शेजारणीस पुसो लागली, "कुठं आलंय? मला सांग ना कुठं आलंय." शेजारीण म्हणाली, "मलाही कळत नाहीये." सभागृहात त्या समयी नेते सहा होते, हदासाबाईंस धरोन, कॅनडाचा नतानेल सणास म्हणोन आला होता. पाचांनी एकमेकांकडे पाहिले, आणि पाहण्यात सहभाग होता, सहानुभूती होती, पाठिंबा होता, एकास मात्र पुढची ओळ येत नव्हती, आणि बाकीच्या चौघांसही.

हदासाबाई रांगेतोन निघाल्या. मुकादमांनी वाटेत त्यांचा दंड धरिला आणि हळू म्हणाले, "हदासा, बस. चालू आहे." बाई म्हणाल्या, "काय चालू आहे?" म्हणाले, "प्रार्थना." बाई म्हणाल्या, "काका, आज दारफळणी आहे. आज तरी खरं बोला." मुकादमांचा हात सुटला. तो त्यांनी सोडिला की सुटला हे नक्की सांगवत नाही. मग बाई तेब्यावर चढल्या आणि रहमीमजींचे जवळ गेल्या, तेव्हा जवळोन म्हाताऱ्याचा कुजबुजता आवाज आला, "खाली जा." बाई म्हणाल्या, "काका, आवाज लागत नाहीये." म्हणाले, "लागेल. संध्याकाळी लागतो. दरवर्षी लागतो." बाईंनी त्यांचे कानाशी तोंड नेले आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षीही नाही लागला. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. आम्ही कुणी तुम्हाला सांगितलं नाही." म्हाताऱ्याने कठडा धरिला. तीनशे लोकांकडे पाहिले, जणू एकेकास पुसत होते. म्हणाले, "कुणीच?" बाई म्हणाल्या, "कुणीच नाही, काका. मीही नाही." त्यावर म्हातारा उभाच राहिला. खाली उतरला नाही, बाजूस सरला नाही. मग त्याने पुस्तक बाईंकडे थोडे वळविले आणि ज्या ओळीवर आला होता तिजवर बोट ठेविले.

हदासाबाईंनी म्हणावयास आरंभ केला. चाल त्यांस एकच येत होती, हंगेरीची. पहिला सूर चुकला, दुसरा कापला, तिसरा लागला. एक उच्चार चुकला तेव्हा रहमीमजींनी कठड्यावर बोट आपटिले, बाईंनी तो शब्द पुन्हा म्हटला. पुढे आणखी चुकला, आणखी आपटिले. खालोन कोणी म्हणाले, "ही कुठली चाल?" दुसरे म्हणाले, "बायकांची असेल." तिसरे म्हणाले, "पण ऐकू येतेय." आणि मग आमेन म्हणावयाची जागा आली, आणि जे लोक वर्षानुवर्षे अंदाजाने आमेन म्हणत ते अवघे तीनशे एकाच वेळी म्हणाले, ऐसे की ते म्हणोन स्वतःच दचकले. मागले रांगेतील म्हातारीने शेजारणीस सांगितले, "सापडलं," आणि पुस्तकात तोंड घातले. हदासाबाईंस त्या समयी दृष्टी, मूल्ये, मोकळी जागा यांतील काही आठवले नाही. पुढची ओळ कोणती एवढीच चिंता होती. सूर्य बुडाला, शिंग फुंकले, स्वर्गाची दारे लागली, आणि सर्व लोक मनुकांचे सरबतावर तुटोन पडले. रहमीमजी सरबत न घेता काठी टेकीत घरी गेले.

दुसरे दिवशी कार्यकारिणी बैसली आणि ठराव जाहला जे, सभेने दूरदृष्टीने जे नेतृत्व घडविले त्याचे फळ काल सर्वांनी पाहिले, सबब सभेचे अभिनंदन. पुढे ऐसेही ठरले की प्रार्थना एका बाईनेच चालविणे लोकशाहीस धरोन नाही, तरी सर्व नेत्यांनी पाळीपाळीने चालवावी. पहिले शनिवारी नतानेल होते, त्यांनी पडद्यावर चित्रे दाखविली आणि दोन दिवसांनी कॅनडास गेले. दुसरे शनिवारी दूरदृष्टी समितीचे एक गृहस्थ, त्यांनी लोकांस डोळे मिटोन आपापल्या श्वासाकडे पाहावयास सांगितले, त्यात तिघे घोरू लागले. तिसरे शनिवारी ज्याची पाळी तो आला नाही. तेव्हापासोन पाळी हदासाबाईंचीच येऊ लागली आणि कोणास हरकत दिसली नाही, कारण काम होते आणि पद नव्हते. बाई दर शुक्रवारी दुपारी फोन करीत, "उद्या येताय ना? आठच झालेत," आणि कोणाचा गुडघा, कोणाचा नातू, कोणाचे लग्न ऐकोन घेत. कधी दहा होत, कधी नऊ, आणि नऊ जाहले की वाट पाहत. रहमीमजी मात्र आले नाहीत. त्यांची जागा तिसरे रांगेत ठेविली होती, ती रिकामी राही, आणि बाईंची नजर ओळ बदलताना तिकडे जाई. मिलकाबाई म्हणाल्या, "जाऊन माफी माग." बाई म्हणाल्या, "कशाची? खरं सांगितल्याची?" मिलकाबाई म्हणाल्या, "उशिरा सांगितल्याची." परंतु बाईंस जाण्याचे धाडस जाहले नाही.

मार्गशीर्ष मासी एके दुपारी दवाखान्याचे दार उघडले आणि काठी आत आली आणि काठीचे मागे रहमीमजी. म्हणाले, "कान तपास." बाईंनी त्यांस काचेचे खोलीत बसविले, कानांवर यंत्र चढविले, स्वर सोडिले. म्हाताऱ्याने हात वर करावयाचा, तो बहुतेक स्वरांस वर जाईना. मग म्हाताऱ्यास बाहेर बोलावोन बाईंनी मोठ्याने सांगितले, "काका, कान बरेच गेलेत. कधीपासून, ते सांगता येत नाही." म्हातारा म्हणाला, "म्हणजे मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मला वाटायचं, हॉल मोठा आहे, आवाज लांब जातोय." बाई म्हणाल्या, "काका, मी आधी सांगायला हवं होतं." म्हातारा म्हणाला, "हवं होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मारलंच असतं. तुलाही मारलं असतं." आणि मग काठीने काचेचे खोलीकडे दाखवोन पुसिले, "त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही म्हणतेस?" बाई म्हणाल्या, "अजिबात नाही." म्हणाले, "आणि आतला बाहेर?" म्हणाल्या, "माइक आहे. माझ्या कानात येतो." तेव्हा म्हातारा पुन्हा आत जाऊन बसला, यंत्र कानांवर चढविले, माइक जवळ ओढिला, आणि म्हणाला, "त्या दिवशीची चाल कुठली ती मला माहीत नाही. वाईट नव्हती. पण आपली नव्हे. ऐक." आणि जो आवाज तीनशेंस ऐकू येत नव्हता, रस्त्यावरचे हॉर्नांत जो कोणासही सापडला नसता, तो काचेपलीकडोन हदासाबाईंचे दोन्ही कानांत आला, बारीक, फाटका, पण स्वरास पक्का, आणि त्यात म्हाताऱ्याचे बापाची कोकणातील चाल जशीच्या तशी. बाईंनी ओळ ऐकिली, आणि आवाज वाढवोन म्हाताऱ्याचे कानांवरील यंत्रात परत म्हटली. चुकली. म्हातारा काचेवर काठी आपटोन म्हणाला, "खाली घे. रडू नकोस, सूर चढतो." बाहेर दोन रोगी बाकावर खोळंबले होते, त्यांस बाईंनी हाताने थांबा म्हणोन खूण केली.

इकडे महामंडळाचा खलिता आला जे, फेलोशिपची अखेरची सनद मिळण्यास प्रत्येक उमेदवाराने आपला नेतृत्वप्रकल्प कळवावा. हदासाबाईंनी कळविले, "शनिवारी प्रार्थना चालवते. सणाच्या चाली शिकते आहे." हॉवर्डसाहेबांचे उत्तर आले की हा वैयक्तिक साधनेचा फार हृद्य नमुना आहे, परंतु यात परिणाम मोजता येत नाही, तरी काही कार्यशाळा वगैरे जमल्यास कळवावे. बाईंनी उत्तर लिहावयास घेतले, इतक्यात शुक्रवारची दुपार जाहली आणि नऊच होते, म्हणोन त्यांनी ते ठेवोन दहाव्यास फोन लाविला. माघ मासी एके शनिवारी दहावे मनुष्य म्हणोन रहमीमजी स्वतः आले, तिसरे रांगेत बसले, कानांस नवे यंत्र होते. प्रार्थना जाहल्यावर मुकादमांनी जवळ जाऊन पुसिले, "काय रहमीम, आता ऐकू येतं ना?" म्हातारा म्हणाला, "येतं. म्हणून तर यंत्र अधूनमधून बंद करतो. तू बोलतोस तेव्हा."

सारांश ऐसा जे, शुभकृत संवत्सरी महामंडळाने बारा उमेदवार घेऊन अकरा नेते घडविले आणि एक बाई हझान जाहली. अकरांची नावे, छायाचित्रे आणि यशोगाथा अहवालात आहेत, ज्यांस पाहणे असेल त्यांनी पाहाव्या. बाराव्या बाईचा मजकूर अहवालात नाही. तीस पाहणे असल्यास शनिवारी सकाळी साडेआठास यावे, आणि बहुधा तुम्हीच दहावे असाल, तरी उशीर करू नये. इति हकिकत.